हत्तिणीची ठिगळं

टेलरबाईंचा पाय गाडीच्या तळातून आरपार खाली गेला, तेव्हा त्यांच्या काखेत अस्तराचं गाठोडं होतं आणि ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना धड ओरडताही आलं नाही. घरात कापड ठेवायला जागा नाही म्हणून त्या तागे आणि गाठोडी गॅरेजातल्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर रचून ठेवत. त्या दिवशी हात पुरेना म्हणून एक पाय आत टाकला, आणि सतरंजीखालचा पत्रा पापडासारखा मोडला.

आवाज ऐकून नवरा धावत आले. त्यांनी आधी बायकोच्या पायाकडे पाहिलं, मग गाडीला पडलेल्या भोकाकडे. भोकाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पट्टी झाली. परत येताना बाईंनी एकच गोष्ट सांगितली, की ही गाडी एक तर दुरुस्त करा, नाहीतर भंगारात घाला, तिसरं काही मला ऐकायचं नाही. नवरा म्हणाले, "बघू."

हा त्यांचा आवडता शब्द. आयुष्यभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले म्हणून गल्लीत त्यांना मीटरवाले म्हणत. आकडा दिसेल तसा लिहायचा आणि पुढच्या दाराला जायचं, वाद घालायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. छत गळलं, बघू. नळ ठिबकला, बघू. आणि निवृत्त झाल्यावर तर त्यांना बघायला भरपूर वेळ मिळाला होता.

गाडी मुळात सासऱ्यांची. करड्या रंगाची, पुढून रुंद आणि मागून गोल, म्हणून सासरे तिला हत्तीण म्हणत. त्यांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. ते गेले ते गाडी कोणाची हे न सांगताच गेले. थोरल्या मुलाकडे गॅरेज नव्हतं, म्हणून गाडी धाकट्याच्या दारात आली. पण किल्ली थोरल्यांनी आपल्या खिशात ठेवली. तेव्हापासून दर रविवारी थोरले यायचे, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे आणि सूचना द्यायचे. टेलरबाई समोर उभ्या असल्या तरी त्यांच्याशी थेट बोलायचे नाहीत. "हिला सांग, गाडीत कापडं कोंबू नको म्हणावं," असं भावाला म्हणायचे. बाईही काही कमी नव्हत्या. "त्यांना सांगा, मग गाडीलाच दुसरीकडे कोंबा," असं त्या नवऱ्याला म्हणायच्या. मीटरवाले मध्ये उभे राहून दोन्हीकडे मान हलवायचे.

पाय गाडीतून खाली गेल्याचं कळल्यावर थोरले रविवारची वाट न बघता आले. भंगाराचं नाव निघताच त्यांचा चेहरा असा झाला, की जणू सगळे सासऱ्यांनाच पुन्हा स्मशानात पोचवायला निघाले आहेत. मग गल्लीच्या टोकाचा डेंटर बोलावला. त्याने सतरंजी उचलली, स्क्रूड्रायव्हर तळाला टोचला, तो पावात सुरी जावी तसा गेला. दोन-चार ठिकाणी असंच करून तो म्हणाला, की माझ्याकडे गाड्यांची रांग लागली आहे, हिला मी आज घेऊ शकत नाही आणि उद्याही नाही. हिला हात लावायला भरपूर रिकामपण लागतं आणि थोडं वेड लागतं.

रिकामपण मीटरवाल्यांकडे होतं. वेडही असावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोणाचं तरी जुनं वेल्डिंग मशीन आणून गॅरेजात ठेवलं. बाईंना वाटलं, चला, सुटलो. गाडी होईल, हलेल, आणि गॅरेजात आपली दोन्ही शिलाई मशीनं मांडता येतील.

कसलं सुटणं! सतरंजीखाली डांबराचा थर निघाला. डांबराखाली डब्याच्या पत्र्याचे तुकडे ठोकलेले निघाले. तुकड्यांखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली चक्क गोणपाट. कुठल्या तरी जमान्यातल्या कारागिराने भोकांत गोणपाट कोंबून वर पुट्टी थापली होती आणि रंग मारून हात झटकले होते. दाराखालच्या पट्ट्यावर बोटाने टिचकी मारली की आतून गंजाचा भुगा सांडायचा. मडगार्डाचे फुगे फोडले तर पलीकडचा उजेड दिसायचा. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथे उंदीर काढायला गेले आणि डोंगर निघाला.

मीटरवाले भोक बुजवायला बसायचे आणि उठेपर्यंत ते भोक मोठं झालेलं असायचं. गंजलेल्या कडेला ते नवा तुकडा जोडायला बघायचे, ठिणगी पडली की कड जळून जायची, मग तुकडा लहान पडायचा, मग आणखी मोठा तुकडा. ग्राइंडरने उडालेली गंजाची धूळ खिडकीतून घरात यायची. एक दिवस ती एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झग्यावर बसली. समारंभाचा झगा, हाताने टाके घातलेला, आणि त्यावर तांबूस ठिपके. बाईंनी तो तीनदा धुतला, ठिपके पसरले. मग त्या हातात ओला झगा घेऊनच गॅरेजात गेल्या.

मीटरवाले गाडीच्या पोटात पालथे पडून भोक वितीने मोजत होते. शेजारी तुकडा आधीच कापून तयार होता.

"तुम्ही आधी कापता आणि मग मोजता?" बाईंनी विचारलं.

"पत्रा म्हणजे कापड नव्हे," आतून आवाज आला.

"ते दिसतंच आहे. कापड शिवताना निदान पेट तरी घेत नाही."

एवढं बोलून त्या निघून जाणार होत्या. पण वितीने मोजणारा माणूस बघून कुठल्या शिंप्याच्या जिवाला शांतता लाभेल? त्यांनी झगा खुंटीला अडकवला, खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, भोकावर दाबून धरला आणि कडेकडेने खडू फिरवला. जिथे तळ वर वळत होता तिथे पुठ्ठ्याला चीर देऊन टक घातला, जसा गळ्याला घालतात तसा. मग कात्रीने कापून दाखवला. पुठ्ठा भोकात असा बसला, की मीटरवाले त्याच्याकडे बघतच राहिले. भोवती बोटभर जास्तीचं का सोडलं, असं त्यांनी विचारलं.

"माया," बाई म्हणाल्या. "टाक्याला धरायला काहीतरी नको? आणि ही कुजकी कड आधी कापून काढा. विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं तर ठिगळ राहतं आणि कापड जातं. चांगलं लागेपर्यंत कापत जा."

"मग शिल्लक काय राहील?"

"जे आहे तेच राहील. नाही ते सांभाळून काय करताय?"

बाईंनी पहिला पत्रा स्वतः कापला आणि तो साफ उलटा निघाला. पुठ्ठा पालथा ठेवून आखला गेला होता, त्यामुळे डावीकडचा तुकडा उजवीकडचा झाला. एवढ्या वर्षांत एक बाही उलटी लागली नव्हती, आणि इथे पहिल्याच घासाला खडा. मीटरवाले दोन दिवस त्या आनंदात होते, जेवताना मधूनच हसायचे. बाईंनी दात-ओठ खाल्ले आणि त्यानंतर प्रत्येक पुठ्ठ्यावर "वर" असं मोठ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली.

तसं मग काम चालू लागलं. सकाळी शिवणकाम, दुपारी पत्रा. बाईंनी बेतायचं, मीटरवाल्यांनी जोडायचं. भांडणं व्हायची, पण ती निदान कामाची भांडणं होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ झाला, मागचा झाला. मग दाराखालचे पट्टे कापायची वेळ आली, तेव्हा डेंटर स्वतःहून डोकावला आणि त्याने दोघांना थांबवलं. ही तिची कंबर आहे, तो म्हणाला. असे कापलेत तर गाडी मधोमध खचेल आणि जन्मात दारं लागणार नाहीत. आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या सळया जोडा, सगळं पक्कं झाल्याशिवाय त्यांना हात लावू नका. आणि वेल्डिंगचा टाका एका रेषेत ओढू नका, एक इथे, एक तिथे. पत्रा तापला की वाकडा होतो. हे सांगून त्याने चारही सळया स्वतःच जोडून दिल्या आणि गेला.

रविवारी थोरले आले, त्यांनी सळया पाहिल्या आणि ते चिडले. बाबांच्या गाडीला पिंजरा केलात, म्हणाले. मीटरवाल्यांनी कंबरेची गोष्ट समजावून सांगितली. थोरल्यांनी मान हलवली. ऐकल्याची मान आणि पटल्याची मान यांत फरक असतो, तो बाईंना कळला, मीटरवाल्यांना नाही कळला.

पुढच्या आठवड्यात डावा पट्टा कापून झाला आणि पत्रा संपला. दोघं पत्रा आणायला बाजारात गेली. परत आली तर गॅरेजचं दार सताड उघडं. आत थोरले गाडीच्या दाराला खांदा लावून ढकलत होते आणि एक अनोळखी गृहस्थ स्टिअरिंगला धरून बसले होते. हे थोरल्यांचे जुने ऑफिसमित्र. त्यांना बाबांची गाडी दाखवायची होती, आत बसवून फोटो काढायचा होता, सळया आड येत होत्या. ग्राइंडर समोरच पडलेला होता. थोरल्यांनी तो उचलला, डाव्या बाजूच्या दोन्ही सळया कापल्या, आणि मित्राला आत बसवलं.

दार लागत नव्हतं. वर अंगठा जाईल एवढी फट आणि खाली पत्र्यावर पत्रा घासत होता. डेंटर म्हणाला होता तसंच, गाडी मधून खाली बसली होती. मित्राला प्रकरण कळलं असावं. ते त्याच अर्धवट दारातून वाकून बाहेर आले, काहीतरी पुटपुटले आणि चपला घालून चालते झाले.

मीटरवाल्यांनी पत्रा भिंतीला टेकवला. एका उपड्या डब्यावर बसले. दाराच्या फटीकडे बघत ते म्हणाले, "जाऊ दे, दादा. बघू."

त्या 'बघू'ने बाईंच्या डोक्यात सणक गेली. थोरल्यांचा राग आलाच होता, पण त्याहून या माणसाचा आला. महिनोन्‌महिने पोटावर सरपटत, केसांत ठिणग्या घेत, हात भाजून घेत केलेलं काम, आणि म्हणे जाऊ दे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज मी यांच्यामार्फत बोलणार नाही. गाडी तुमची असेल तर आत्ता घेऊन जा, आहे तशी. नसेल तर पुन्हा हिला हात लावू नका."

थोरले सवयीने भावाकडे वळले. "हिला सांग..."

"दादा, ती समोर उभी आहे," मीटरवाले डब्यावरून न उठता म्हणाले. "तूच सांग."

थोरल्यांनी खिसा चाचपून किल्ली आहे ना बघितलं आणि निघून गेले.

त्यानंतर गॅरेजचं दार बंद राहिलं. मीटरवाले खिडकीत बसून पेपर वाचायचे, तोच तोच. रविवार आला आणि कोणी आलं नाही. बाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथे शेपूट गेलं होतं आणि अख्खी हत्तीण कंबर मोडून घरात बसली होती. काम पुढे जात नव्हतं आणि गाडी बाहेर काढताही येत नव्हती. बाईंचं शिवताना लक्ष लागेना. दोनदा कॉलर उसवावी लागली.

मग एका दुपारी थोरली जाऊ बस बदलत, धापा टाकत आली. दोघी जावांचं कधी फारसं जमलेलं नव्हतं. बिघडलेलंही नव्हतं, एकमेकींच्या घरी चहा प्यायचा आणि कप उचलून ठेवायचा, एवढंच. जाऊबाईंनी पदराने घाम पुसला आणि पाठ केलेला निरोप म्हणून दाखवला, की गाडी एखाद्या मोठ्या वर्कशॉपात द्यायची आहे, व्यवस्था ते करतील, तोवर कोणी हात लावू नये. म्हणून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं, ते सगळं प्यायल्या आणि म्हणाल्या, "झाला निरोप. आता माझं ऐक. कुठलं वर्कशॉप नि कसलं काय. घरात नुसते येरझाऱ्या घालतात, हातात किल्ली घेऊन. जेवणाकडे लक्ष नाही."

"मग यायचं की इकडे. दार कोणी बंद केलंय?"

"कशाला येतील? गाडी नीट झाली की ती कोणाची ते ठरवावं लागेल. मोडकी आहे तोवर दोघांची आहे. तुझ्या खरंच लक्षात आलं नाही? दर रविवारी ते काय गाडी बघायला येतात? भावाकडे नुसतं जाऊन बसायचं असतं, हे या दोघांना कोणी शिकवलंच नाही. मध्ये काहीतरी लागतं."

बाई उठून खिडकीशी, नवऱ्याजवळ गेल्या. "अहो, तुम्हालाही असंच वाटत होतं का? गाडी होऊच नये, असं?"

मीटरवाल्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. "थोडंसं," ते म्हणाले.

"आणि मी पुठ्ठे कापत होते, तेव्हा?"

"तेव्हा मजा येत होती. पण मधूनच वाटायचं, की फार भराभर होतंय."

बाईंनी कपाळावर हात मारला. दोन म्हातारे भाऊ, एक मोडकी गाडी, आणि जी गोष्ट एका वाक्यात सांगता आली असती तिच्यापायी एवढी वर्षं कापड ठेवायला जागा नाही. पाय काय उगीच गेला होता! त्यांनी चपला घातल्या आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "चला, मी येते."

थोरल्यांच्या घरी त्या बसल्याही नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, गाडी खचली आहे ती वर उचलायची आहे. एक माणूस जॅकवर लागतो, एक दाराशी, एक वेल्डिंगला. आम्ही दोघंच आहोत."

थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं. जाऊबाई मुद्दाम स्वयंपाकघरात गेल्या. आता मध्ये कोणीच उरलं नाही. थोरल्यांनी घसा साफ केला, भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जॅक कुठे लावायचा?"

दुसऱ्या दिवशी सगळे गॅरेजात जमले. डेंटरही आला, आणि आल्याआल्या त्याने कापलेल्या सळया बघून काही शब्द काढले, जे थोरल्यांनी निमूट ऐकून घेतले. पद्धत सोपी होती. दाराच्या चौकटीचं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायचं, ते उजव्या चांगल्या बाजूच्या मापाशी जुळेपर्यंत खालून जॅक फिरवायचा. बाईंनी गळ्यातली टेप काढली. थोरले जॅकवर बसले. पण त्यांचा हात जड. थोडं फिरवा म्हटलं की भरपूर फिरवायचे, गाडी करकरत गरजेपेक्षा वर जायची, मग दार खालच्या अंगाला अडायचं. पुन्हा खाली. पुन्हा वर. "एवढंसं," बाई म्हणायच्या. "एवढंसं म्हणजे किती?" "सुईच्या नेढ्याएवढं." "मी शिंपी आहे का?" "नाही, पण बहिरेही नाही आहात." मीटरवाले डोळ्यांवर काच ओढून तयारीत उभे, आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते. थोरल्यांनाही शेवटी राग आवरला नाही आणि हसूही आवरलं नाही. जॅकचा दांडा टाकून ते जमिनीवरच बसले, डोळे पुसले, पुन्हा उठले.

ऊन भिंतीवरून उतरत आलं तेव्हा मापं जुळली. बाईंनी दार एका बोटाने ढकललं. ते गेलं आणि लागलं. मीटरवाल्यांनी लगेच सळया जोडल्या, एक टाका इथे, एक तिथे.

उरलेलं काम पुष्कळ होतं. थोरल्यांना गंज खरवडायचं आणि तांबडा प्रायमर लावायचं काम दिलं, कारण त्यात बिघडवण्यासारखं काही नाही असं सगळ्यांचं मत होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी डबा बाईंच्या ताग्याशेजारी सांडला. पण ते आता रोज यायचे, आणि बाईंशी थेट भांडायचे. थेट भांडणारा माणूस परवडला, असं बाईंनी जाऊबाईंपाशी कबूल केलं.

शेवटी हत्तीण उभी राहिली. रंग लागला, दारं लागली, इंजिन डेंटरच्या मेकॅनिकने सुरू करून दिलं. आणि मग जे व्हायचं होतं ते झालं. थोरले म्हणाले, तू एवढे कष्ट केलेस, तूच ठेव. मीटरवाले म्हणाले, तू मोठा, तुझा मान. आधी दोघंही सोडत नव्हते, आता दोघंही घेईनात. जेवणं थंड झाली. सगळ्यात वैताग याचा, की दोघंही अगदी मनापासून बोलत होते. बाईंनी शेवटी ताट बाजूला सारलं आणि निकाल दिला. मला गॅरेज हवंय, म्हणून गाडी थोरल्यांच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी राहील. कोणाची ते देवाला माहीत. ज्याला चालवायची त्याने चालवा, ज्याला पुसायची त्याने पुसा. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं, कारण अंगण त्यांचं होतं, पण भाजी वाढत राहिल्या.

गॅरेज धुऊन, चुना लावून, बाईंनी दोन्ही मशीनं मांडली. कापडाला फळ्या झाल्या, गिऱ्हाइकांना बसायला बाक आला. मीटरवाले सकाळी उठून थोरल्यांकडे जायचे ते जेवायलाच परत यायचे, कधी तेही नाही. घर शांत झालं. इतकं शांत, की पहिले काही दिवस बाई मशीन थांबवून उगीच कानोसा घ्यायच्या.

मग एका सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी असताना, दोघं भाऊ दारात येऊन उभे राहिले. हात कोपरापर्यंत काळे. डिकीत, स्टेपनीच्या खाली, तळ मऊ लागला होता, थोरल्यांनी नखाने खरवडलं आणि नख आत गेलं. दोघांनी मिळून पुठ्ठा कापला होता, पण तो कुठूनच बसत नव्हता. दोष पुठ्ठ्याचा आहे की गाडीचा, यावर वाटेत भांडण झालं होतं आणि अजून चालू होतं.

बाई एका मुलीच्या खांद्याचं माप घेत होत्या. त्यांनी टेप सोडली नाही. "बाकावर बसा," त्या म्हणाल्या. "पाच बायका आहेत तुमच्या आधी."

दोघं बसले. शेजारच्या बाईच्या पिशवीला काळे हात लागू नयेत म्हणून आखडून बसले, आणि मांडीवर तो पुठ्ठा धरून हळू आवाजात भांडत राहिले.